बिननावाचा जावई

"फर्गस, राजा, तुमच्या धंद्यात 'रद्दी' ही शिवी असते की नुसतं मत?"

सकाळी सकाळी सासूबाईंचा फोन आणि त्यात हा प्रश्न. फर्गस ट्रेलोरच्या हातात टोस्ट होता, तो तसाच हातात राहिला.

"कोण म्हणालं रद्दी?"

"कुणी हिमेलबाउर म्हणून गृहस्थ आहेत, ऑस्ट्रियाचे. ईमेल तुलाच आहे, पण प्रत मला आलीये. 'हा सातवा मसुदा आधीच्या सहांइतकाच रद्दी आहे,' असं म्हणतात. आता याला मी उत्तर काय देऊ?"

"तुम्ही उत्तर देऊ नका!" फर्गस इतक्या जोरात ओरडला की बायको आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आली.

"असं कसं? पत्र आलं की उत्तर द्यायचं. मी सेक्रेटरी आहे."

नोलीन कथबर्ट या फर्गसच्या सासूबाई. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या नदीपलीकडे, बेलरीव्हला एकट्या राहतात. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरतात, पण आवाज खणखणीत. परवापरवापर्यंत त्यांनी आयुष्यात एक ईमेल उघडलं नव्हतं. मग त्यांच्या बोल्स क्लबने, म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळवत एका पांढऱ्या गोळीजवळ नेणाऱ्या मंडळींच्या क्लबने, त्यांना सेक्रेटरी निवडलं. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक ईमेलला त्या हातोहात उत्तर देत होत्या. गाद्यांच्या जाहिरातीलासुद्धा 'आपले पत्र मिळाले, समितीपुढे ठेवते' असं उत्तर जायचं. ही बातमी जावयापर्यंत पोचली नव्हती आणि घोटाळा तिथेच झाला.

जावई काय करतो हे सांगणं जरा अवघड आहे. त्याच्या बायकोला, ब्रॉन्विनला, अजून ते कुणाला धड सांगता आलेलं नाही. संगणकाच्या पोटात अगदी तळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. नोलीनबाईंच्या क्लबातल्या निम्म्या लोकांचा समज असा, की जावई कुण्या निवृत्त कर्नलकडे कारकुनी करतो आणि तो कर्नल पगार देत नाही. यातला पगाराचा भाग खरा होता.

हा गाभा जगभरची माणसं मिळून लिहितात. कुणाला काही दुरुस्ती सुचली की त्याने तिचा पॅच, म्हणजे साध्या भाषेत ठिगळ, तयार करायचा आणि तो ईमेलने सगळ्यांपुढे ठेवायचा. मग त्या त्या भागाचा जो राखणदार असेल तो ते ठिगळ उलटंसुलटं करून बघतो आणि बहुधा फेकून देतो. डिस्कच्या भागाचे राखणदार हे हिमेलबाउर. ग्रात्स गावात बसून ते जगभरच्या तरुणांना रडवायचे.

आता डिस्कचा प्रश्न काय, तर ती एक गरगर फिरणारी थाळी. वाचायला-लिहायला डोकं एक आणि दाराशी रांग ही एवढी. आधी कुणाचं करायचं? जवळच्यांचं उरकत बसलं तर लांबचा ताटकळतो. लांबच्याकडे धावलं तर जाण्यायेण्यातच वेळ जातो. पंगतीत वाढपी एकटाच असला की जे होतं, तेच. फर्गसच्या मते सध्याचा वाढपी गबाळा होता आणि त्याने त्याच्यासाठी चारशे ओळींची नवी वाढण्याची पद्धत लिहिली होती.

ही पद्धत सुचली ती नोलीनबाईंमुळे. फर्गसने आपला एक जुना संगणक त्यांच्याकडे मांडून दिला होता. त्यावर त्या क्लबच्या सामन्यांचे व्हिडिओ बघायच्या. पण त्याच वेळी कॅमेऱ्यातले फोटो डिस्कवर उतरवायला लावले की व्हिडिओ गोठायचा. "गोळा निम्म्यात थांबतो रे," त्या कुरकुरायच्या. "आमच्या क्लबातल्या मॉरीनचा गोळा तर मंगळवारपासून तसाच उभा आहे." फोटो लिहिण्यात डिस्क गुंतायची आणि व्हिडिओचं वाचन दाराशी उपाशी राहायचं. फर्गसला हे ऐकून जो आनंद झाला तो सासूच्या तक्रारीने सहसा कुणा जावयाला होत नाही.

ज्याने दुखणं दाखवलं त्याचं नाव पॅचखाली लिहायचं, हा त्या जगातला शिष्टाचार. फर्गस शिष्टाचाराला पक्का. त्याने खाली लिहिलं, 'तक्रार: नोलीन कथबर्ट' आणि पुढे त्यांचा ईमेलचा पत्ता. पॅच पाठवणारा प्रोग्राम फार आज्ञाधारक असतो. खाली ज्याचं नाव दिसेल त्याला एकेक प्रत धाडतो. फर्गसला हे ठाऊक होतं. पण सासूबाई ईमेल उघडत नाहीत हेही ठाऊक होतं आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला.

"काय झालं?" ब्रॉन्विनने टॉवेलमधून विचारलं.

"तुझ्या आईला प्रत गेली."

"मग? वाचेल आणि झोपेल."

"ती उत्तर देणार आहे!"

ब्रॉन्विनचा चेहरा उतरला. कारण या पॅचवर त्या घरात बरंच काही टांगलेलं होतं. फर्गस पाणी खात्यात संगणक सांभाळायचा. तिथला त्याचा साहेब गार्थ हा टोमणे मारण्यासाठीच जन्माला आलेला माणूस. त्या नोकरीतून फर्गसने बिनपगारी सुट्टी घेतली होती. सिडनीच्या एका कंपनीने त्याला सांगितलं होतं, की गाभ्यात तुझं नाव आलं की ये, बोलू. ब्रॉन्विनने नवऱ्याला मोकळीक दिली होती, पण तीही मोजून. "या खेपेला तुझं नाव आत गेलं तर तू म्हणशील ते," ती म्हणाली होती. "नाही गेलं तर मुकाट गार्थकडे परत." गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या घेण्याचा दरवाजा ठरल्या मुदतीत बंद होतो आणि या खेपेचा दरवाजा बंद व्हायला आता फार अवकाश नव्हता.

फर्गसने फोन पुन्हा कानाला लावला. "नोलीन, ऐका. उत्तर द्यायचंच असेल तर द्या. पण मी तुमचा जावई आहे हे लिहू नका."

"का रे? लाज वाटते?"

"तसं नाही हो. आमच्यात घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत. मागे एका पोराने पॅचला पाठिंबा म्हणून आपल्याच मावशीचं नाव घातलं होतं. अजून त्याला सगळे 'मावशी' म्हणतात."

"मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं नकोच. फक्त माझं आणि तुमचं नातं नका काढू."

"बरं. पण मला एक जावई आहे हे तर मी लिहू शकते? ते काही गुपित नाही."

फर्गसने नाइलाजाने 'हो' म्हटलं.

नोलीनबाईंनी उत्तर लिहिलं ते फिकट गुलाबांच्या नक्षीवर, तिरप्या अक्षरात. सजवलेलं पत्र त्या जगात चालत नाही. तिथे साधा मजकूर लागतो. सगळ्यांच्या पत्त्यावर पाठवलेली प्रत दारातूनच परत आली. फर्गसने सुटकेचा श्वास सोडला. पण एक प्रत थेट हिमेलबाउरांनाही गेली होती. त्यांनी गुलाब खुडून काढले आणि बाकीचं पत्र जसंच्या तसं सगळ्यांपुढे मांडलं.

'प्रिय हिमेलबाउर,' असं ते पत्र होतं. 'आपले पत्र मिळाले. गोळा निम्म्यात थांबतो ही तक्रार माझीच असून ती खरी आहे. या गृहस्थांचे काम रद्दी आहे की नाही हे मला कळत नाही, पण कुणालाही रद्दी म्हणू नये असे आमच्या क्लबच्या नियमातच आहे. माझा संगणक माझ्या जावयाने मांडून दिला. तो गुणी आहे, पण फोन उचलत नाही. कळावे, सेक्रेटरी, नोलीन कथबर्ट.'

फर्गसने डोळे मिटून घेतले. हिमेलबाउरांच्या रागाच्या कहाण्या त्या जगात आज्या नातवंडांना सांगतात. आता म्हातारीचं काही खरं नाही, असं त्याला वाटलं. त्याने एक डोळा किलकिला करून खालचं उत्तर वाचलं.

'आदरणीय कथबर्टबाई, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. तुम्ही वेळ काढून लिहिलंत हे आमचं भाग्य. आम्ही जे करतो ते तुमच्यासारख्यांसाठीच आणि तुमचा गोळा अडत असेल तर दोष आमचा. रद्दी हा शब्द मी मागे घेतो. तुम्ही हा पॅच घालून संगणक चालवून पाहिलात का? तुम्ही चालतो म्हणालात तर मला पुरे. तुमच्या जावयाला माझा नमस्कार. अशी माणसं दुर्मीळ झाली आहेत.'

त्याच्याच खाली दुसरी ओळ फर्गससाठी होती: 'ट्रेलोर, या बाईंना थांबवून ठेवू नकोस.'

फर्गसने हे बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

"एवढा गोड माणूस आहे की," ब्रॉन्विन म्हणाली. "तू उगाच त्याला राक्षस म्हणतोस."

"तो वापरणाऱ्यांशी गोड असतो. लिहिणाऱ्यांचं रक्त पितो. आमच्यात तशीच रीत आहे."

"मग काय, आईने 'चालतो' म्हटलं की झालं?"

"झालं!"

"मग चल. गाडी काढ."

पूल ओलांडून दोघं बेलरीव्हला गेली. नोलीनबाईंनी लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटी केकचे तुकडे, काढून ठेवले होते. जावई आला की त्या ते काढतात आणि खोबरं कीबोर्डवर सांडू नकोस असं प्रत्येक घासाला बजावतात. फर्गसने त्यांच्या संगणकात आपला पॅच घातला, फोटो उतरवायला लावले आणि व्हिडिओ सुरू केला. मॉरीनबाईंचा इतके दिवस तिष्ठत उभा असलेला गोळा हलला, डुलत डुलत पुढे गेला आणि पांढऱ्या गोळीला हलकेच टेकला.

"अगंबाई, जिंकली की मेली!" नोलीनबाई म्हणाल्या. त्या सामन्यात त्या मॉरीनबाईंच्या विरुद्ध होत्या, तरीही त्यांनी टाळी वाजवली.

"मग लिहा," फर्गसने आनंदाने कीबोर्ड पुढे सरकवला. "'तपासलं, चालतं.' एवढीच ओळ."

"लिहीन हो. घाई काय आहे?"

"आई, घाई आहे," ब्रॉन्विन म्हणाली.

"आमच्यात शेवटचा गोळा जागच्या जागी ठरल्याशिवाय गुण मांडत नाहीत. गोळा शेवटच्या वितीतसुद्धा वळतो. मी जरा वापरून बघते, मग लिहिते."

बोल्सच्या नियमापुढे त्या घरात पाद्रीही बोलत नसे.

मध्ये दोन दिवस गेले. फर्गस फोनकडे बघत बसायचा आणि ब्रॉन्विन फर्गसकडे. शेवटी फोन आला.

"व्हिडिओ फारच सुंदर चालतात," नोलीनबाई म्हणाल्या. "सगळे सामने बघून झाले. एक शंका होती."

"विचारा ना!"

"फोटो केव्हा उतरतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू गेलास तेव्हा पहिला फोटो उतरत होता. अजून तोच उतरतोय. मी व्हिडिओ बंद केला की पुढे सरकतो, लावला की थांबतो."

फर्गसच्या ध्यानात सगळं लख्ख आलं. पूर्वी वाचणारे उपाशी राहत होते. त्याने वाचणाऱ्यांना असं पोटभर वाढलं, की आता लिहिणाऱ्यांना पंगतीत पानच मिळत नव्हतं. चारशे ओळी लिहून त्याने उपास एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवला होता.

"नोलीन, हे मी दुरुस्त करतो. आठव्या मसुद्यात. पण तोवर तुम्ही ती ओळ लिहून टाका ना. व्हिडिओ चालतो हे तर खरंच आहे."

"आणि फोटोंचं?"

"फोटोंचं नका लिहू."

ब्रॉन्विनने फोन हिसकावून घेतला. "आई, ऐक. तू एक ओळ लिहिलीस तर याची नोकरी होईल. नाहीतर हा परत त्या गार्थकडे जाणार आणि रोज संध्याकाळी त्याचं गाऱ्हाणं मला ऐकावं लागणार. एक ओळ!"

"अर्धी खरी ओळ?"

"पाऊण खरी."

"ब्रॉन, तू लहान असताना हिरवळीवर पायाने गोळी सरकवली होतीस, आठवतं? तेव्हा तुला घरी पाठवलं होतं ना मी?"

"आई, मी सात वर्षांची होते!"

"म्हणून नुसतं घरी पाठवलं," नोलीनबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांचं सविस्तर पत्र गेलं. या वेळी गुलाब नव्हते, कारण हिमेलबाउरांनी त्यांना साधा मजकूर कसा पाठवायचा ते फार हळुवारपणे शिकवलं होतं. व्हिडिओ किती छान चालतात हे आधी, फोटो कसे अडतात ते नंतर. शेवटी त्यांनी लिहिलं होतं: 'पॅच माझ्या जावयाने घालून दिला होता. हे सर्व त्याला फोनवर सांगितले असून तो हिरमुसला आहे. तो मनाला फार लावून घेतो.'

हिमेलबाउरांचं उत्तर दोन भागांत होतं. पहिला भाग फर्गसला: 'ट्रेलोर, तू एकाची उपासमार दुसऱ्याच्या गळ्यात बांधलीस आणि त्याला सुधारणा म्हणतोस. नामंजूर. आठवा मसुदा पाठवू नकोस. हे ध्यानात यायला तुला एका सामान्य बाईची गरज लागली. कथबर्टबाईंच्या जावयाकडून जरा शीक. तो माणूस चुपचाप तपासतो, खरं सांगतो आणि मिरवत नाही.'

दुसरा भाग बाईंना: 'आदरणीय कथबर्टबाई, तुमच्या प्रामाणिकपणाला तोड नाही. तुमच्या पत्रावरून मूळ दुखणं मला सापडलं असं वाटतं. सोबत एक छोटी दुरुस्ती जोडली आहे. तुमच्या जावयाला ती घालून बघायला सांगाल का? दरवाजा बंद व्हायच्या आत कळलं तर बरं. तो हिरमुसला हे वाचून वाईट वाटलं. त्याला म्हणावं, दोष त्याचा नाही, त्या ट्रेलोरचा आहे.'

ब्रॉन्विन हसू लागली. मग नवऱ्याकडे बघून थांबली.

"त्याला सांगून टाक ना, की तूच तो," ती म्हणाली.

"काय सांगू? 'साहेब, ती बाई माझी सासू आहे आणि तो गुणी माणूस मीच'? जन्मभर मला 'सासू' म्हणतील."

फर्गसने जोडलेली दुरुस्ती उघडली. ती एका ओळीची होती. ओळ कसली, एका चिन्हाची. कुणाची पाळी संपली हे ठरवताना जुन्या कर्नलमध्ये 'पेक्षा कमी' असं लिहिलं होतं, तिथे हिमेलबाउरांनी 'पेक्षा कमी किंवा तेवढंच' केलं होतं. बरोबरच्या चिन्हाची एक रेघ वाढली, बस्स. फर्गसने गेलं वर्ष ज्या घराला माड्यांवर माड्या चढवल्या होत्या, त्या घराची कडी उलटी बसली होती. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली आणि शेवटी दोन्ही एकदम.

शनिवारी तो पुन्हा बेलरीव्हला गेला, एकटाच. ब्रॉन्विनला हे बघवलं नसतं. डोंगरावर बर्फ पडला होता आणि नोलीनबाईंच्या स्वयंपाकघरात हीटरची ऊब होती. त्याने स्वतःचा पॅच काढला, हिमेलबाउरांची रेघ घातली, फोटो लावले, व्हिडिओ लावला. नोलीनबाई चहा करत होत्या, पाठ त्याच्याकडे.

फोटो भराभर उतरू लागले. व्हिडिओतले गोळे न अडखळता धावू लागले. दोघांनाही पोटभर मिळत होतं, कुणी कुणाच्या ताटातलं ओढत नव्हतं. बघताना फर्गसला रडू येण्याइतकं वाईट वाटलं. इतकं साधं होतं आणि ते त्याचं नव्हतं.

त्या क्षणी त्याच्या मनात आलं ते सांगायलाच हवं. 'नाही चालत,' एवढंच म्हणायचं होतं. सासूबाई त्याच्या शब्दावर लिहिणार आणि हिमेलबाउर सासूबाईंच्या शब्दावर चालणार. दुरुस्ती या खेपेला राहील, पुढच्या खेपेपर्यंत आठवा मसुदा तयार होईल. माऊसच्या एका टिचकीने व्हिडिओ थांबवता आला असता. त्याने माऊसवर हातही ठेवला होता.

"काय रे, चालतंय का?" नोलीनबाईंनी कपात साखर ढवळत विचारलं.

फर्गसने हात काढून घेतला. "चालतंय. दोन्ही चालतंय. उत्तम चालतंय."

नोलीनबाई वळल्या. त्यांना चिन्हं कळत नव्हती, पण माणसाचा आवाज कळत होता.

"तुझं हरलं ना रे, राजा?"

"हो."

"आणि लिहायचं मी?"

"लिहा. तुमचंच काम आहे ते. तक्रार तुमची होती."

"तुझं नाव घालते. सगळं तू केलंस."

"नको, नको! ट्रेलोर हे नाव आता तिथे काढलं तरी तो पत्र फाडेल."

"बरं," म्हणून नोलीनबाईंनी चष्मा लावला. एका बोटाने, जीभ किंचित बाहेर काढून, त्यांनी बराच वेळ टंकलं. फर्गसने वाचलं नाही. त्याने एक लॅमिंग्टन खाल्ला आणि खोबरं मुद्दाम कीबोर्डवर सांडलं.

दरवाजा बंद व्हायच्या आत हिमेलबाउरांनी ती दुरुस्ती कर्नलमध्ये चढवली. ब्रॉन्विनने नाश्त्याच्या टेबलावर तिची टीप उघडली आणि मोठ्याने वाचली.

"'तक्रार: नोलीन कथबर्ट. तपासणी: नोलीन कथबर्ट.' मग खाली लिहिलंय, 'कथबर्टबाईंच्या जावयाचे विशेष आभार. त्यांनी शनिवार खर्ची घालून दोन्ही पॅच निःपक्षपातीपणे तपासले. त्यांच्या विनंतीवरून त्यांचे नाव देत नाही.'"

"मी विनंती कुठे केली होती?" फर्गस ओरडला.

"आईने लिहिलं असेल, 'नाव नको म्हणतो.' तू म्हणालास ना, नाव घालू नका."

"मी ट्रेलोर नाव घालू नका म्हणालो!"

"तुझं दुसरं कुठलं नाव आहे?"

"हे बदलता येईल?" असं विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ते विचारणाराही तोच आणि उत्तर माहीत असलेलाही तोच. त्या जगात एकदा आत गेलेली टीप पुसता येत नाही. ती जगातल्या लाखो संगणकांवर उतरते आणि तिथे कायमची राहते. म्हणजे फर्गस ट्रेलोर गाभ्यात अमर झाला होता, पण कुणाचा तरी जावई म्हणून.

"मी म्हटलं होतं नाव आत जायला हवं," ब्रॉन्विन म्हणाली. तिने त्याच्या ताटलीत स्वतःचं अंडं वाढलं. "नाव नाही गेलं. नातं गेलं."

"मग?"

"मग सोमवारी डबा काय देऊ?"

सिडनीच्या कंपनीला त्याने ती टीप पाठवून पाहिली. 'आपण उल्लेखिलेला जावई आपणच असल्याचा काही पुरावा?' असं त्यांनी विचारलं. लग्नाचा दाखला पाठवणं त्याच्या जिवावर आलं. सोमवारी तो गार्थकडे रुजू झाला. गार्थने 'सुट्टी मानवली वाटतं' म्हणून पोटाकडे पाहिलं आणि विषय संपला.

बोल्स क्लबात मात्र नोलीनबाईंचं वजन वाढलं. ऑस्ट्रियाहून त्यांना अधूनमधून पत्रं येत, त्या आणखी एकदोन दुरुस्त्या तपासायला घेत आणि शनिवारी जावयाला बोलावून घेत. त्या कर्नलने आता सासूलाही कामाला लावलंय आणि तिलाही पगार देत नाही, असं मॉरीनबाई सगळ्यांना सांगत होत्या.

हिवाळा सरला आणि पाणी खात्यात संगणकांवर नवी आवृत्ती चढली. त्या आठवड्यात गार्थने फर्गसला आपल्या खोलीत बोलावलं. तो खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे कौतुकाने बघत होता.

"ट्रेलोर, तुझ्या लक्षात आलं का? मीटरच्या नोंदी उतरत असताना नकाशा गोठायचा, आठवतं? बोंबाबोंब व्हायची. आता लोण्यासारखा सरकतो."

"हो, आलं लक्षात."

"मी जरा खोलात जाऊन पाहिलं, कुणी केलं हे. इथे बघ. कुणी एक कथबर्टबाई आहे, तिच्या जावयाने बसून तपासलं. शनिवारी! घरच्या सुट्टीत! आणि वर म्हणतो, माझं नाव नको." गार्थने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "याला म्हणतात माणूस. नाहीतर तू. अर्धं वर्ष बिनपगारी घरी बसलास, काय दिवे लावलेस?"

फर्गस दारात उभा होता.

"गार्थ," तो म्हणाला, "तो जावई मीच."

गार्थच्या पोटातून हसू निघालं ते खुर्ची करकरेपर्यंत.

"हो का?" तो डोळे पुसत म्हणाला. "मग मी इंग्लंडच्या राजाचा व्याही. जा, मीटरच्या नोंदी बघ."